गव्हाणीआधीचे वाचन



ख्रिस्तसभेचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते, म्हणजे ३० नोव्हेंबरच्या जवळचा जो रविवार असेल त्या दिवशी. त्या दिवशी वाचल्या जाणाऱ्या शुभवर्तमानात बाळ नसते, गव्हाण नसते, मेंढपाळही नसतात. प्रभू पुन्हा येणार आहे, तेव्हा जागे राहा, एवढेच त्यात सांगितलेले असते. एका वर्षी ते मत्तयाच्या २४ व्या अध्यायातून वाचतात, दुसऱ्या वर्षी मार्काच्या १३ व्या आणि तिसऱ्या वर्षी लूकच्या २१ व्या अध्यायातून. पुढचे दोन रविवार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे. चौथ्या रविवारी कुठे आपण पवित्र कुटुंबापाशी पोहोचतो. एका वर्षी योसेफाचे स्वप्न, एका वर्षी मरियेला देवदूताचा निरोप आणि एका वर्षी मरिया व अलीशिबा यांची भेट.

आता आपल्याकडची स्थिती पाहू. २४ डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये उभे राहायला जागा नसते. आगमनकाळाच्या रविवारी मात्र त्याच बाकांवर सहज जागा मिळते. मुले गोठा बांधण्यात, थोरली माणसे नेवऱ्या, करंज्या आणि खरेदी यांत गुंतलेली असतात. या कामांना आम्ही नावे ठेवत नाही. सण घरात शिजतो तेव्हाच तो घराचा होतो. पण गव्हाणीपाशी जाण्याआधी चार आठवडे काही ऐकायचे असते, ते बहुतेकांच्या कानांवरून निसटते. हे ऐकणे कुणी ठरवले, का ठरवले आणि ते आपल्या मराठीत कसे आले, याचा थोडा इतिहास या लेखात पाहू.

पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांचा मोठा सण पुनरुत्थानाचा. येशूच्या जन्माचा वेगळा सण ते पाळत असल्याचे दिसत नाही. २५ डिसेंबर ही ख्रिस्तजन्माची तारीख म्हणून रोममधल्या इ. स. ३५४ च्या एका पंचांगवजा ग्रंथात आढळते आणि त्यातली ती यादी ३३६ सालापर्यंत मागे जाते. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये त्याआधीपासून ६ जानेवारीचा सण रुजला होता. तोच प्रभूच्या प्रकटीकरणाचा सण. हळूहळू पश्चिमेने पूर्वेचा सण घेतला आणि पूर्वेने पश्चिमेचा. संत योहान ख्रिसोस्तोम यांनी ३८६ साली अंत्युखियात नाताळचे प्रवचन केले, तेव्हा त्यांना लोकांना समजावून सांगावे लागले की हा दिवस आपल्याला कळून अजून दहा वर्षेही झालेली नाहीत. म्हणजे आज जो सण आपल्याला अनादी वाटतो, तोही एके काळी प्रवचनकाराला समजावून द्यावा लागत होता.

त्याच सुमारास एजेरिया नावाची एक भाविक स्त्री पश्चिमेकडून यरुशलेमच्या यात्रेला गेली. आपल्या भगिनींसाठी तिने जे लिहून ठेवले, त्यात प्रकटीकरणाच्या सणाचे वर्णन आहे. बेथलेहेमहून रात्री यरुशलेमकडे परतणारी मिरवणूक आणि आठ दिवस चाललेला उत्सव त्यात येतो. पण आमच्या दृष्टीने तिची वेगळीच एक नोंद मोलाची आहे. यरुशलेमच्या चर्चमध्ये वाचने ग्रीक भाषेत होत आणि महागुरू ग्रीकमध्येच बोलत. लोकांपैकी काहींना ग्रीक कळे, काहींना फक्त सिरियाक. म्हणून एक धर्मगुरू शेजारी उभा राहून प्रत्येक गोष्ट सिरियाकमध्ये सांगे. शिवाय ज्यांना या दोन्ही भाषा येत नसत, अशा लॅटिन बोलणाऱ्या यात्रेकरूंना ग्रीक व लॅटिन जाणणारे बंधुभगिनी अर्थ सांगत. बेळगावपासून हैदराबादपर्यंत, चार भाषांच्या शेजारात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे चित्र परके वाटू नये. सोळाशे वर्षांपूर्वीही एका चर्चमध्ये तीन भाषांचे लोक होते आणि कुणीही न समजता घरी जाऊ नये, याची काळजी तिथे घेतली जात होती.

सणाआधीच्या तयारीचे दिवस वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे होते. ३८० साली स्पेनमधल्या सारागोसाच्या धर्मसभेने ठरवले की १७ डिसेंबरपासून प्रकटीकरणाच्या सणापर्यंत एकवीस दिवस कुणीही चर्चपासून दूर राहू नये. गॉल देशात, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, सहाव्या शतकाच्या शेवटी माकॉनच्या धर्मसभेने ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी उपवास सांगितला. रोमची रीत मात्र आटोपशीर होती. पोप पहिले ग्रेगरी यांच्या काळानंतर तिथे चार रविवारांचा आगमनकाळ स्थिरावला आणि आज आपण तोच पाळतो.

या ग्रेगरींचे आगमनकाळातले एक प्रवचन आजही वाचायला मिळते. विषय लूकच्या २१ व्या अध्यायातला, सूर्य, चंद्र आणि ताऱ्यांमधल्या चिन्हांचा. तेव्हाचे रोम पुराने, रोगाच्या साथीने आणि लोंबार्ड टोळ्यांच्या भीतीने खचलेले होते. ग्रेगरी लोकांना आठवण देतात की परवाच्याच वादळात जुनी झाडे उन्मळली, घरे पडली, चर्चेही पडली. मग ते सांगतात की जग म्हातारे होत असताना तुमची सुटका जवळ येत आहे, म्हणून मान खाली घालू नका, वर पाहा. आगमनकाळाची वाचने भीती घालण्यासाठी निवडलेली नाहीत, हे त्यावरून कळते. ज्यांचे छप्पर उडाले आहे अशा माणसांना धीर देण्यासाठी ती वाचली जात होती.

याच ग्रेगरींचे नाताळचे प्रवचन अगदी लहान आहे आणि त्याचे कारण ते सुरुवातीलाच सांगतात. आज तीन वेळा मिस्सा अर्पण करायची आहे, म्हणून फार वेळ बोलता येणार नाही. तीन मिस्सांची ही रीत आजही आहे आणि तिची वाचने क्रमाने पाहिली तर एक वाट दिसते. मध्यरात्री लूकच्या दुसऱ्या अध्यायातून जन्माची बातमी. पहाटेच्या मिस्सेत त्याच अध्यायाचा पुढचा भाग, मेंढपाळ गव्हाणीपाशी जातात. दिवसाच्या मिस्सेत योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात, जो आरंभापासून देवाजवळ होता तोच शब्द देह झाला. बातमी ऐकायची, मग जाऊन पाहायचे, मग जे पाहिले त्याचा अर्थ कळायचा. रात्रीची मिस्सा संपवून दिवसभर झोपणाऱ्यांच्या हाती पहिला भाग येतो, बाकीचे दोन राहून जातात.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. केरळात सिरियाक भाषेतली ख्रिस्ती उपासना कितीतरी जुनी आहे. मराठी-कोंकणी मुलखात मात्र ही वाचने सोळाव्या शतकात पोर्तुगीज मिशनरींबरोबर लॅटिनमधून आली. बार्देशात मांडवीच्या काठावर फ्रान्सिस्कन बंधूंनी १५५५ साली रेइश मागुश चर्च बांधले; त्याच्या नावाचा अर्थच ज्ञानी राजे. आजही ६ जानेवारीच्या सुमारास तिथे, तसेच चांदर आणि कासावली या गावांत, तीन मुले राजांचा पोशाख करतात आणि गाव त्यांच्यामागून चर्चला जातो. लोकांना सण समजला, मिरवणूक समजली. पण चर्चमध्ये मत्तयाचा दुसरा अध्याय वाचला जाई तो लॅटिनमध्ये.

ही उणीव ज्यांना जाणवली त्यांत येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स होते. हे इंग्लंडचे, १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली त्यांचा अंत झाला तोवर इथलेच होऊन राहिले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. त्याच्या आरंभी एक प्रसंग आहे. सासष्टीत नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो की आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग आमच्या भाषेत ऐकण्यासारखे दुसरे पुराण आम्हाला का देत नाही? हा प्रश्न साधा नाही. सासष्टीत देवळे पाडली गेली होती, जुने ग्रंथ हिरावले गेले होते; ते दुःख त्या प्रश्नामागे आहे आणि आपण ख्रिस्ती लोकांनी ते झाकून ठेवू नये. स्टीफन्स यांनी त्या प्रश्नाला उत्तर दिले ते सुमारे ११,००० ओव्यांचे. रविवारी आणि सणाच्या दिवशी लोक चर्चमध्ये ते ऐकू लागले.

या ग्रंथाचे दोन भाग आहेत, आदिपुराण आणि देवपुराण. देवपुराणात येशूचे चरित्र ५९ अवस्वरूंमध्ये आहे. त्याआधी आदिपुराणाचे ३६ अवस्वरू आहेत. जगाची उत्पत्ती, आदामाचे पतन, नोहा, आब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे आणि त्यांनी दिलेली तारणाऱ्याची आशा असा त्याचा विस्तार. म्हणजे बाळ येशू भेटण्याआधी श्रोत्याला ग्रंथाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग वाट पाहायला लागते. आम्हाला वाटते, मराठीतला पहिला मोठा आगमनकाळ म्हणजे हे आदिपुराण. स्टीफन्स यांना कथा लवकर सुरू करता आली असती. पण कुणी काय वचन दिले होते हे ठाऊक नसलेल्या माणसाला ते पुरे झाल्याचा आनंद कसा होणार?

पुढे १६८४ साली व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर यांनी स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. स्टीफन्स यांच्या हयातीतली आणि नंतरची, १६४९ व १६५४ ची, छापील पुस्तके पुढे कुठेच उरली नाहीत. तरी ओव्या उरल्या. मंगळूर भागातल्या ख्रिस्ती घरांत हस्तलिखित प्रती जपल्या गेल्या आणि १९०७ साली मंगळुरात जोसेफ साल्ढाणा यांनी त्यांवरून ग्रंथ पुन्हा छापला. भाषा हुकमाने मरत नाही. ती घरात वाचणे थांबले की मरते.

मराठी वचनाचा दुसरा प्रवाह प्रोटेस्टंट बंधूंचा. सेरामपूरला विल्यम कॅरी आणि त्यांचे सहकारी पंडित यांनी मराठी नवा करार १८११ साली छापला. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचा नवा करार १८२६ साली निघाला आणि १८४७ पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत आले. १८२० साली लंडन मिशनचे काम बेळगावात सुरू झाले. १८३१ साली त्याच बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी पुढे मराठी ख्रिस्ती साहित्याचे आधारस्तंभ झाले आणि आपल्या आत्मचरित्राला त्यांनी 'अरुणोदय' हे आगमनकाळाला शोभणारे नाव दिले. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांनाही कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. ते काम हातावेगळे करून १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या; ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

इथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. अमेरिकन मिशनरी ज्या न्यू इंग्लंडमधून आले, तिथल्या जुन्या प्युरिटन परंपरेला सणांचे पंचांग मान्य नव्हते. मॅसॅच्युसेट्समध्ये तर १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला दंड होता. म्हणजे कॅथलिकांकडे आगमनकाळ होता, पण त्याची वाचने लॅटिनमध्ये होती. मिशन मंडळ्यांकडे वचन मराठीत होते, पण त्यांतल्या कित्येकांकडे आगमनकाळ नव्हता. अँग्लिकन मंडळ्यांकडे दोन्ही गोष्टी होत्या. १५४९ च्या त्यांच्या प्रार्थनापुस्तकात आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारची प्रार्थनाच पवित्र शास्त्र ऐकून, वाचून मनात मुरवण्याची कृपा मागते. पण एकूण पाहता एकाच कुटुंबाच्या दोन घरांत दिवा आणि तेल वेगवेगळे ठेवलेले होते.

ते जवळ आले आमच्या आईवडिलांच्या हयातीत, आणि नेमके आगमनकाळात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी मंजूर केला; तो आगमनकाळाचा पहिला आठवडा होता. पवित्र शास्त्राचे भांडार लोकांसाठी अधिक खुले करावे आणि लोकभाषेला वाव द्यावा, असे त्यात सांगितले. त्यातून आलेली तीन वर्षांची नवी वाचनमाला ३० नोव्हेंबर १९६९ पासून लागू झाली. तो आगमनकाळाचा पहिला रविवार. आधीच्या रविवारच्या मिस्सेत जुना करार क्वचितच ऐकू येई. आता पहिल्या वर्षाच्या चारही आगमन रविवारी यशया वाचला जाऊ लागला. बरोबर एका वर्षाने, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, सहा मंडळ्या एकत्र येऊन नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. तोही आगमनकाळाचा पहिला रविवार होता. पुढे १९९२ साली अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांसाठी सुधारित सामाईक वाचनमाला निघाली, ती याच तीन वर्षांच्या मांडणीवर आधारलेली. आता कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शेजारी कित्येकदा एकाच रविवारी एकच शुभवर्तमान ऐकतात. शेकडो वर्षे ज्यांना हे लाभले नाही त्यांच्या मानाने आपण श्रीमंत आहोत.

म्हणूनच प्रकटीकरणाच्या सणाचे वाचन आम्हाला जरा टोचते. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात दूर पूर्वेकडून ज्ञानी लोक येतात. त्यांच्याजवळ ग्रंथ नाही, फक्त एक तारा आहे. ते यरुशलेमात विचारतात, तेव्हा मुख्य याजक आणि शास्त्री अचूक उत्तर देतात. मीखा संदेष्ट्याचे वचन त्यांना तोंडपाठ आहे: बेथलेहेम. यरुशलेमपासून बेथलेहेम दोन-अडीच तासांच्या चालीवर. ज्ञानी लोक निघतात. शास्त्री निघाल्याचे मत्तय सांगत नाही. संत ऑगस्टीन यांनी प्रकटीकरणाच्या प्रवचनांत अशा माणसांना रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांची उपमा दिली; ते वाट दाखवतात, पण जागचे हलत नाहीत. या वाचनाचा वापर पुढे यहुदी लोकांना दोष देण्यासाठीही झाला, आणि ते चुकीचे झाले. हा दोष एका समाजाचा नव्हे. ज्याच्या घरी ग्रंथ आहे आणि जो उठून जात नाही, त्या प्रत्येकाचा आहे. मराठी बायबल आपल्या घरी आहे.

त्याच ऑगस्टीन यांनी एक दिलासाही दिला आहे. मेंढपाळ जवळून आले, ज्ञानी लोक दुरून आले. दोन दिशांनी आलेल्या दोन भिंती, आणि ख्रिस्त त्यांना जोडणारा कोनशिलेचा दगड. आपल्या मंडळ्यांतही तसेच आहे. कुणाचे घराणे दहा पिढ्या ख्रिस्ती, कुणी कालपरवा आलेले. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी कोंकणी, कन्नड, तेलुगू, गुजराती.

आणि मुले? सीमाभागात, बडोद्यात, हैदराबादेत आपली मुले मराठी बोलतात, पण शाळेत दुसरी लिपी शिकतात. वाचनपीठावर त्यांना उभे केले की देवनागरीपाशी अडखळतात, मग लाजतात, मग पुढे येतच नाहीत. काही वर्षांनी मराठी वाचन करायला कोण उरेल, ही काळजी अनेक पाळक आणि धर्मगुरू बोलून दाखवतात. इथे इतिहास कामी येतो. मराठीतले ते पहिले मोठे ख्रिस्ती पुराण १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले, कारण देवनागरीचे खिळे गोव्यात उपलब्ध नव्हते. तरी ऐकणाऱ्यांच्या कानी मराठीच पडली. तेव्हा ज्या मुलाला देवनागरी येत नाही त्याला आधी त्याच्या ओळखीच्या लिपीत वाचन लिहून द्यावे. कन्नडमध्ये द्या, रोमनमध्ये द्या. कानाला मराठी गोड लागली की लिपीही येईल. निदान तोवर मुलाचा आवाज चर्चमध्ये राहील.

या आगमनकाळासाठी आमचे मागणे एवढेच आहे. शनिवारी संध्याकाळी घरात दुसऱ्या दिवशीची वाचने एकदा मोठ्याने वाचा. आजीला वाचायला सांगा, नातवाला ऐकायला. पुढच्या शनिवारी उलट करा. १७ डिसेंबरला मत्तयाची वंशावळ येते. तिथे कंटाळू नका. चौदा-चौदाच्या तीन पिढ्यांच्या रांगेत तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको ही चार नावे शोधा. परक्या आणि जगाने बोल लावलेल्या बायकांची. देवाने वाट पाहताना कुणाकुणाला सोबत घेतले ते तिथे कळते. मग २४ तारखेच्या रात्री गर्दीत उभे असताना जन्माची बातमी कानी पडेल, तेव्हा ती कुणाच्या वचनाची पूर्तता आहे हे घरातल्या लहानग्यालाही ठाऊक असेल.

हे प्रभू, तू आमच्याकडे येण्याआधी तुझा शब्द आमच्याकडे आला. तो आमच्या भाषेत यावा म्हणून ज्यांनी कष्ट केले त्यांना तुझ्याजवळ विसावा दे. आमचे कान उघड, आमच्या मुलांची जीभ मोकळी कर आणि वाट ठाऊक असूनही जागेवरच बसणाऱ्या आम्हाला उठव. आमेन.